शून्याखालचे तीन किलोमीटर

शैलाताई औटी गाडीत बसल्या की सगळ्यात आधी चपला काढायच्या. एका पायानं दुसऱ्या पायाची, मग उरलेली, आणि दोन्ही सीटखालच्या कापडी पिशवीत. "तळव्याला पेडल कळलं पाहिजे," त्या म्हणायच्या. "चप्पल मधे आली की पाय बहिरा होतो."

नारायणगावच्या आमच्या ज्युनियर कॉलेजात त्या फिजिक्स शिकवायच्या आणि मी मराठी. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठ्या. उंच, सडपातळ, केस घट्ट अंबाड्यात, आणि मनगटावर बारा महिने एक मोठं पुरुषी घड्याळ. डिंभे धरणाच्या बाजूला एका वाडीत त्यांचं घर होतं, मी मंचरला राहायचे. त्यांनी गाडी घेतली तेव्हा स्टाफरूममध्ये मला म्हणाल्या, "माधवी, उद्यापासून जीपला लटकायचं नाही. मी मंचरवरूनच जाते."

दुसऱ्या दिवशी मी चौकात रस्त्याकडं कान लावून उभी होते, आणि कोपराशी कुणीतरी म्हणालं, "बस की." गाडी कधी येऊन थांबली ते मला कळलंच नव्हतं. आवाज नाही, धूर नाही, थरथर नाही. विजेवर चालणारी छोटी पांढरी गाडी. आमच्या भागात तेव्हा तशी गाडी क्वचितच दिसायची. वाडीतले लोक तिला 'करंटची गाडी' म्हणायचे.

मी बसले. त्यांनी माझ्या मांडीवरच्या पर्सकडं बघितलं.

"किती किलोची आहे ही?"

मला वाटलं गंमत करतायत. नव्हत्या. त्या आठवड्यात माझ्या पर्समधून दोन जुनी गाईडं, एक मोडकी छत्री आणि स्टीलची बाटली कायमची बाहेर गेली.

त्यांचा वेगही ठरलेला होता. ताशी बावन्न. टोमॅटोचे टेम्पो, दुधाच्या गाड्या, एसट्या, सगळे आम्हाला मागं टाकून जायचे. एकदा एका जीपवाल्यानं शेजारी येऊन खिडकीतून डोकं काढलं आणि विचारलं, "मॅडम, चाक फिरतंय ना?" मी लाजून खाली बघितलं. शैलाताई शांतपणे म्हणाल्या, "फिरतंय. तुझं जरा जास्तच फिरतंय." तो हसत पुढं गेला. मग मला म्हणाल्या, "तो डिझेल जाळून वारा ढकलतोय."

"वारा?"

"हात बाहेर काढ."

मी हात खिडकीबाहेर काढला. गाडी चाळीसवर होती. हाताला वारा लागत होता, छान वाटत होतं. मग रस्ता मोकळा बघून त्यांनी, केवळ माझ्यासाठी, गाडी ऐंशीपर्यंत नेली. माझा हात मागं फेकला गेला.

"वेग दुप्पट केला की वारा चौपट भांडतो," त्या म्हणाल्या. "माणसाला वाटतं आपण पुढं चाललोय. खरं तर निम्मा वेळ आपण वाऱ्याशी भांडत असतो." पुन्हा बावन्नवर आल्यावर त्यांनी स्क्रीनवरचा बॅटरीचा आकडा बघितला आणि चुकचुकल्या. मला शिकवण्यात त्यांची थोडी वीज वाया गेली होती. पण मला, मराठीच्या बाईला, त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा फिजिक्स समजलं.

एका युनिट विजेवर गाडी किती किलोमीटर गेली, हा त्यांचा रोजचा विषय. शेजारीण भाजी कशी झाली ते सांगते, तसं त्या सांगायच्या, "आज आठ पूर्णांक दोन पडले गं." थंडीत आकडा खाली यायचा तर त्या हिरमुसायच्या. दर सोमवारी पंक्चरवाल्याकडं थांबून हवा बघायच्या, स्वतःचं मीटर घेऊन, कारण त्याच्या मीटरवर त्यांचा विश्वास नव्हता. तो लांबूनच आम्हाला येताना बघून हात जोडायचा. बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या वर भरायची नाही आणि विसाच्या खाली जाऊ द्यायची नाही. "जेवणासारखं आहे. तुडुंब नको आणि उपासही नको."

ब्रेक मात्र त्यांना अगदी मान्य नव्हता. पाचशे पावलांवरचा गतिरोधक त्यांना आधी दिसायचा, पाय पेडलवरून अलगद उचलला जायचा, आणि गाडी आपोआप हळू होत होत थोडी वीज बॅटरीत परत टाकायची. "ब्रेक दाबावा लागला म्हणजे आधी विचार केला नव्हता," असं त्यांचं मत. एकदा बारावीच्या तीन मुलींना त्या भीमाशंकरला घेऊन गेल्या होत्या, मीही होते. वरून उतरायला लागलो तेव्हा बॅटरी चाळीस टक्के होती. घाट उतरून खाली आलो तर बेचाळीस. मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्यातली एक, चुणचुणीत, तिनं विचारलं, "मॅडम, म्हणजे चढताना लागलेली सगळी वीज परत मिळते?"

"नाही गं," शैलाताई म्हणाल्या. "थोडी मिळते. बाकीची गेली. ती कुठं गेली ते मी तुला फळ्यावर मांडून दाखवीन, पण परत आणून देता येणार नाही."

घरी ती दोघंच. शैलाताई आणि त्यांचे यजमान भास्करराव. मूलबाळ नव्हतं. भास्करराव शेती बघायचे, भात आणि थोडा भाजीपाला. बुटके, गोल चेहऱ्याचे, बोलायला मोकळे. बायको शिकलेली, नोकरीची, ह्याचा त्यांना उघड अभिमान होता, आणि तिच्या गाडीची उघड चेष्टाही ते करायचे.

गाडी घरी आली तेव्हा चार्जर लावला की त्यावर लाल दिवा लागायचा, वीज आत जायचीच नाही. वायरमन म्हणाला, "चालतंय की मॅडम, असंच असतंय." शैलाताईंनी स्वतः तपासून काढलं की घराचं अर्थिंग नीट नाही. मग भास्कररावांनी अंगणात पुरुषभर खड्डा खणला, त्यात तांब्याचा पत्रा पुरला, मीठ-कोळसा भरला. उन्हाळ्यात ती जागा ओली राहावी म्हणून दर रविवारी बादलीभर पाणी घालायचं कामही त्यांच्याकडंच. मी एकदा त्यांच्या घरी गेले असताना ते पाणी घालत होते. मला म्हणाले, "लोकं झाडाला पाणी घालत्यात, आमी पुरलेल्या पत्र्याला घालतो. बघू, फळ कधी येतंय."

दसऱ्याला गाडीची पूजा करताना त्यांनी विचारलं, "हिच्यात तेल न्हाई, पाणी न्हाई, आवाज न्हाई. हळद-कुंकू नेमकं लावायचं कशाला?" तरी त्यांनी झेंडूचा चांगला हातभर हार गाडीच्या तोंडावर बांधला. दुसऱ्या दिवशी कॉलेजला निघताना शैलाताईंनी तो सोडून ठेवला. वाऱ्याला अडतो म्हणून. भास्कररावांनी हे मला पुढची दोन वर्षं सांगितलं.

पूर्वी बायको एसटीनं यायची तेव्हा घाटाखाली एसटीचा आवाज आला की भास्करराव चुलीवर चहा ठेवायचे. ह्या गाडीचा आवाजच यायचा नाही, ती एकदम दारात. म्हणून त्यांनी बायकोला सांगून ठेवलं होतं की वाडीच्या खालच्या मोरीपाशी, ओढ्यावरच्या छोट्या पुलाजवळ, दोनदा हॉर्न वाजवायचा. शैलाताईंना हॉर्न वाजवणं आवडायचं नाही. पण मोरीपाशी त्या रोज दोनदा वाजवायच्या.

आता त्या रविवारचं सांगते.

शैलाताईंच्या मनात बरेच दिवस होतं की एका चार्जमध्ये आपली गाडी खरी किती जाते ते एकदा बघायचं. कंपनी सांगते तो आकडा वेगळा, स्क्रीन सांगते तो वेगळा. त्यांना स्वतःचा हवा होता. म्हणून एरवीचा ऐंशीचा नियम मोडून त्यांनी शनिवारी रात्रभर गाडी शंभर टक्के भरली आणि मला साक्षीदार म्हणून बोलावलं. मंचरला मी बसले. नारायणगाव, आळेफाटा, ओतूर करत माळशेजपर्यंत गेलो. तिथं डबा खाल्ला, ढग बघितले. परतताना ओतूरवरून जुन्नरला आलो. मी भेंड्या लावल्या, त्यांना दोनच गाणी येत होती, ती त्यांनी दोनदा म्हटली. त्यांना एवढं हसताना मी कॉलेजात कधी बघितलं नव्हतं.

नारायणगावात आलो तेव्हा बॅटरी चौतीस टक्के होती. शैलाताईंनी मनातल्या मनात हिशेब केला.

"घरी पोचेन तेव्हा सतरा उरतील. आणि किलोमीटर दोनशे." त्यांचा चेहरा जरा पडला. "पास झालो, पण नंबर नाही आला."

"मग ओझरला जाऊन येऊ," मी म्हणाले. "वीस किलोमीटर वाढतील आणि गणपतीचं दर्शनही होईल."

त्या लहान मुलीसारख्या खुलल्या. "चल!"

ओझरला गेलो, दर्शन घेतलं, परत आलो. मला मंचरला सोडून त्या पुढं गेल्या. संध्याकाळी माझ्या फोनवर एक फोटो आला. गाडीचा स्क्रीन, आणि त्यावर बोट ठेवून भास्कररावांचा हसरा चेहरा. खाली लिहिलं होतं, 'दोनशे वीस झाले. नऊ टक्के उरले. तुझे आभार.' मी टाळ्यांचं चित्र पाठवलं.

त्याच दुपारी वाडीचा डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाला होता. शैलाताई घरी पोचल्या तेव्हा घरात वीज नव्हती. त्यांनी चार्जर लावून ठेवला, येईल तेव्हा येईल म्हणून. पहाटेपर्यंत आली नाही.

सोमवारी सकाळी सहाच्या सुमारास भास्कररावांच्या छातीत कळ आली. घाम फुटला. डावा हात जड झाला. शैलाताईंनी रुग्णवाहिकेला फोन लावला. ती दुसऱ्या पेशंटला घेऊन लांब गेली होती, यायला तास तरी लागणार होता. वाडीतली एकुलती एक पिकअप भाजी घेऊन पहाटेच बाजाराला गेलेली. मोटरसायकलवर भास्करराव बसूच शकत नव्हते. शेजारचे बबनराव धावत आले. दोघांनी मिळून भास्कररावांना करंटच्या गाडीत मागं घातलं, आणि बबनराव त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले.

मंचरचा दवाखाना पंचवीस किलोमीटर. बॅटरी नऊ टक्के.

त्या प्रवासात काय झालं ते मला बबनरावांनी सांगितलं. शैलाताईंनी स्वतःहून तो प्रवास कधी सांगितला नाही. गाडी चाळीसनं चालली होती. घोडेगावच्या अलीकडं बबनरावांना राहवेना. ते ओरडले, "मॅडम, पळवा की! मानूस चाललंय!"

शैलाताई पुढं बघतच म्हणाल्या, "पळवली तर मधेच थांबेल. पोचणार नाही."

"अवो पण बघा तरी त्येंच्याकडं!"

त्यावर भास्करराव डोळे मिटूनच बोलले, "बबन, गप. तिला चालवू दे. तिला कळतंय."

बबनराव सांगायचे, पूर्ण रस्ताभर मॅडमनी एकदाही ब्रेक मारला नाही. काचा बंद, पंखा बंद. गाडीत आवाज फक्त भास्कररावांच्या श्वासाचा होता. एरवी गाडीचा आवाज तरी असता, ते म्हणाले, इथं सगळं ऐकू येत व्हतं.

गाडी पोचली. सदतीस मिनिटांत. दवाखान्यात नेल्यावर थोड्याच वेळात भास्करराव गेले.

मी पावणेनऊला नेहमीसारखी चौकात उभी होते. दवाखाना तिथून चालत पाच मिनिटांवर. मी पंधरा मिनिटं गाडीची वाट बघत, वेळ झाला म्हणून मनातल्या मनात चिडत उभी होते, आणि मग बबनरावांचा फोन आला.

दवाखान्याच्या फाटकात गाडी तिरकी उभी होती, मागचं दार उघडं. शैलाताई आत बाकावर बसल्या होत्या. अनवाणी. चपला गाडीतल्या पिशवीतच राहिल्या होत्या. मी शेजारी बसले, हात हातात घेतला. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या,

"एक टक्का उरला होता."

समोरून ड्यूटीवरचा डॉक्टर आला, अगदी तरुण, रात्रभर जागलेला. कागदावर सही घेता घेता तो हळू आवाजात म्हणाला, "दहा-पंधरा मिनिटं आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं." त्याच्या मनात वाईट नव्हतं. सगळेच असं म्हणतात. पण त्यानं हे सांगितलं ते अशा बाईला, जिच्यासाठी मिनिट ही मोजायची गोष्ट होती.

वीज दुपारी आली. अंगणात मांडव घातलेला, माणसं जमलेली, आणि शेडमधल्या चार्जरवर हिरवा दिवा लागला. बबनरावांच्या बायकोनं जाऊन बटण बंद केलं.

त्या दिवसांत मी रोज घरी आल्यावर एकच गणित करायचे. चौतीस टक्क्यांवर आम्ही सरळ घरी निघालो असतो तर सतरा उरले असते. सतरा टक्क्यांवर ऐंशीनंही मंचर गाठता आलं असतं. ओझरचे वीस किलोमीटर मी सुचवले होते. हे गणित मला येत होतं तर शैलाताईंना किती आधी आलं असेल. तेराव्याला मी त्यांच्यासमोर हात जोडले आणि म्हणाले, "शैलाताई, ओझर…"

"जेवलीस का तू?" त्यांनी विचारलं, आणि पानं वाढायला उठून गेल्या. ओझरचं नाव त्यांनी माझ्यासमोर पुन्हा कधी घेतलं नाही. मलाही घेऊ दिलं नाही.

महिन्याभरानं त्या कॉलेजला यायला लागल्या. गाडीनंच. मी चौकात उभी राहायचे, गाडी कोपराशी येऊन थांबायची, बावन्नचा वेग तोच. फक्त आता त्या किती पडले ते सांगायच्या नाहीत. बबनरावांकडून कळलं की परत जाताना मोरीपाशी त्या अजून दोनदा हॉर्न वाजवतात. वाडीत कुणी काही म्हणत नाही.

मग एका शुक्रवारी त्या मला म्हणाल्या, "उद्या मुक्कामाला ये. रविवारी सकाळी जरा काम आहे." मला वाटलं घर खायला उठत असेल. मी गेले. पिठलं-भाकरी खाल्ली, लवकर झोपलो. सकाळी सहाच्या आत त्यांनी मला उठवलं. शेडमध्ये गाडी सुरू होती, एसी चालू, दिवे चालू. त्या आदल्या संध्याकाळपासून बॅटरी उतरवत होत्या. स्क्रीनवर नऊ टक्के होते.

मागच्या सीटवर भाताची दोन पोती बेल्टनं बांधून ठेवली होती.

"तुझं वजन किती?" त्यांनी विचारलं.

"बासष्ट."

"भास्कर एकोणसत्तर, बबनराव एकाहत्तर. पोत्यांत अठ्ठ्याहत्तर भरलंय. बरोबर आहे. तू मागं बस."

तेव्हा मला कळलं. "शैलाताई, नको," मी म्हणाले. "ह्यानं काय होणार आहे? नका करू असं."

"बस, माधवी. एकटीनं माझ्यानं होत नाही म्हणून तुला बोलावलं."

मी पोत्यांना टेकून बसले. त्यांनी चपला काढल्या, पिशवीत ठेवल्या, घड्याळ बघितलं आणि गाडी काढली. ह्या वेळी साठनं. ना कमी, ना जास्त. धरणाचं पाणी मागं गेलं, वळणं गेली, भाताची खाचरं गेली. मी मनात एकच प्रार्थना करत होते, की गाडी मधेच बंद पडावी. घोडेगावच्या पुढं बंद पडावी, कुठंही पडावी, पण पडावी. म्हणजे त्या दिवशी त्यांचंच बरोबर होतं असं ठरलं असतं.

मंचर तीन किलोमीटर उरलं तेव्हा स्क्रीनवर शून्य आलं. "आता थांबेल," मी मोठ्यानं म्हणाले. स्क्रीनवर कासवाचं छोटं चित्र लागलं, वेग जरा उतरला, आणि गाडी चालतच राहिली. शून्यावर एक किलोमीटर. शून्यावर दोन. चौक आला, आमचा रोजचा चौक. तीन. दवाखान्याच्या फाटकातून आत जाऊन, त्याच जागेपाशी, गाडी अगदी हळू थांबली.

त्यांनी घड्याळ बघितलं.

"सत्तावीस मिनिटं," त्या म्हणाल्या. "दहा मिनिटं आधी."

मग मी जे सुचेल ते बोलत राहिले. दहा मिनिटांनी काही झालं नसतं, डॉक्टर असं म्हणतातच, त्या दिवशी गाडी बंद पडली असती तर रस्त्यातच सगळं झालं असतं. त्या ऐकत होत्या.

"असेल," त्या म्हणाल्या. "शून्याच्या खाली थोडं राखून ठेवलेलं असतं, हे मला माहीत होतं. किती, ते माहीत नव्हतं. कुठंच लिहिलेलं नसतं. मला ते आधीच मोजता आलं असतं. एखाद्या रविवारी. एवढं सगळं मोजलं मी."

"गाडीचा दोष…"

"गाडीचा काय दोष? ती पोचली ना दोन्ही वेळा." मग आवाज उतरला. "भास्करनं मला एकदासुद्धा विचारलं नाही, पोचू का म्हणून. विचारलं असतं तर मी कदाचित घाबरले असते. घाबरले असते तर पळवली असती."

त्या वेळी त्या पहिल्यांदा रडल्या. स्टीअरिंगवर कपाळ टेकून, आवाज न करता. मी मागच्या सीटवरून त्यांच्या पाठीवर हात ठेवला, पोत्यांच्या मधून जेवढा पोचला तेवढा. गाडी पुढं जाण्यासारखी नव्हती. वॉचमननं भिंतीवरच्या एका पॉइंटमधून वायर दिली आणि घरी परतण्यापुरती बॅटरी भरेपर्यंत आम्ही दुपारपर्यंत फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसून राहिलो. पेशंट येत होते, जात होते. कुणाला तरी मुलगा झाला होता, त्यांनी आम्हाला पेढा दिला. शैलाताईंनी तो हातात धरून ठेवला, पेढा हाताच्या उबेनं मऊ झाला, आणि मग त्यांनी तो खाल्ला.

त्या वर्षाअखेरीला त्यांनी मुदतीआधी नोकरी सोडली. निरोपाच्या कार्यक्रमात दोन वाक्यं बोलल्या, दोन्ही प्रयोगशाळेतल्या वजनकाट्याबद्दल. मी पुन्हा जीपनं जायला लागले. फोन करायचे, त्या उचलायच्या, पण बोलणं लवकर संपायचं. हळूहळू कमी झालं. दोष माझाही होता. त्यांच्याशी बोलताना माझ्या जिभेवर एकच नाव यायचं आणि ते त्यांनी घ्यायचं नाही असं ठरवलं होतं.

बबनराव बाजाराला आले की भेटायचे. त्यांच्याकडून कळायचं. गाडी आता कायम शंभर टक्के भरलेली असते, म्हणाले, रोज. बॅटरी लवकर मरंल असं बबनरावांनीच त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, मरू दे. गाडीचं तोंड रस्त्याकडं करून ठेवतात. वरच्या वाड्यांतून कुणाचाही फोन आला की निघतात. बाळंतपणाची बाई असो, साप चावलेला असो.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला, घोडेगावात. एका विद्यार्थिनीच्या लग्नाला गेले होते आणि मंचरच्या जीपच्या दारात, ती भरायची वाट बघत, उभी होते. डिंभ्याच्या बाजूनं एक पांढरी गाडी आली. सगळे दिवे लागलेले, हॉर्न एकसारखा दाबलेला. बाजारातली माणसं, हातगाड्या भराभर बाजूला झाल्या. मागच्या सीटवर एक म्हातारी कुणाला तरी पोटाशी धरून बसलेली ओझरती दिसली. शैलाताईंचे केस आता पूर्ण पांढरे होते. मी हात वर केला. त्या माझ्या इतक्या जवळून गेल्या की साडीचा रंग दिसला, निळा. त्यांनी बघितलं नाही. ऐंशी असेल, कदाचित नव्वद. गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि हॉर्न बराच वेळ ऐकू येत राहिला.

जीपवाला नवीन होता. बिडी विझवत म्हणाला, "ह्या डिंभ्याच्या बाई. कायम अशाच पळवत्यात. लई घाई बाईला."

"हो," मी म्हणाले, आणि आत जाऊन बसले.